चाचणी हिरवी, साधन कोसळलेले: चाचणीसंचातील शेल हेल्परांचे परीक्षण

रामबागकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

इंदूरच्या आमच्या मंडळाच्या जुन्या स्मरणिका कृतिदेव टंकात टाइप केलेल्या आहेत. तो मजकूर युनिकोडमध्ये आणण्यासाठी आम्ही तिघे-चौघे एक लहानसे मुक्त-स्रोत साधन सांभाळतो. साधन सी भाषेत आहे आणि त्याचा चाचणीसंच साध्या शेल स्क्रिप्टचा आहे (शेल म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम). गेल्या महिन्यात एका नव्या सहकाऱ्याने स्क्रिप्टमध्ये पुन्हापुन्हा येणारे तुकडे उचलून त्यांची अकरा हेल्पर फंक्शने केली, ती एका फाइलीत ठेवली आणि पॅच (बदलांचा संच) पाठवला. तो तपासण्याचे काम माझ्याकडे आले. (फंक्शनांची नावे मुळात रोमन लिपीत आहेत; इथे वाचायला सोपे जावे म्हणून मी ती देवनागरीत लिहितो आहे.)

पहिल्या वाचनात मला काहीच वावगे दिसले नाही. नावे सुबोध होती, प्रत्येक फंक्शन चार-सहा ओळींचे होते आणि सगळ्या चाचण्या हिरव्या (उत्तीर्ण) येत होत्या. मी ‘ठीक आहे’ असे लिहून मोकळाही होणार होतो. त्याच सुमारास माझ्या नव्या लॅपटॉपवर मी संच चालवला आणि साधन बांधायलाच विसरलो, म्हणजे त्या यंत्रावर आमचा प्रोग्रॅम अस्तित्वातच नव्हता. अपेक्षेप्रमाणे बहुतेक चाचण्या लाल झाल्या, पण नऊ चाचण्या हिरव्याच राहिल्या. जो प्रोग्रॅम नाही, त्याच्या नऊ चाचण्या उत्तीर्ण!

त्या नऊही चाचण्या ‘नकार_हवा’ या हेल्परवर चालणाऱ्या होत्या. चुकीची फाइल दिल्यावर साधनाने ती नाकारली पाहिजे, एवढेच त्या तपासतात. हेल्परच्या पोटात एकच ओळ होती: उद्गारचिन्ह आणि पुढे मिळालेली आज्ञा. प्रोग्रॅम संपताना एक आकडा देतो, तो एक्झिट कोड; शून्य म्हणजे यश, आणि उद्गारचिन्ह हा निकाल उलटा करते. आज्ञा शून्याखेरीज कोणताही एक्झिट कोड देऊन संपली की हेल्पर खूश. शेलला आज्ञा सापडली नाही तर तो १२७ हा कोड देतो, आणि १२७ म्हणजे शून्य नव्हे, तेव्हा चाचणी उत्तीर्ण.

इथवर ही गंमतच होती. खरा धक्का पुढे बसला. मी हेल्परमध्ये तात्पुरती एक ओळ घालून साधन बांधलेल्या यंत्रावर प्रत्येक ‘नकारा’चा कोड छापून पाहिला. आठ ठिकाणी १ आला, तो आमचा ठरलेला नकाराचा कोड आहे. एका ठिकाणी १३९ आला. शेलच्या हिशेबात १२८ च्या वरचा कोड म्हणजे प्रोग्रॅम सिग्नलने मेला (ऑपरेटिंग सिस्टिमने तो बळजबरीने थांबवला). १३९ मधून १२८ वजा केले की उरतात ११, म्हणजेच सेगमेंटेशन फॉल्ट: प्रोग्रॅमने आपली नसलेली मेमरी हाताळली. साधन नकार देत नव्हते, ते कोसळत होते.

चाचणी अशी होती: कृतिदेवात ऱ्हस्व वेलांटी दिसते त्या क्रमाने, म्हणजे व्यंजनाच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. म्हणून साधनाला वेलांटी हातात धरून पुढच्या व्यंजनाची वाट पाहावी लागते. फाइलीच्या अगदी शेवटी एकटीच वेलांटी आली तर साधनाने ‘व्यंजन नाही’ असे सांगून थांबावे, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात ते व्यंजन शोधत बफरच्या पलीकडे जात होते. चाचणी लिहिली गेल्यापासून हिरवी होती आणि ही चूकही तेव्हापासूनच होती.

माझे म्हणणे एवढेच आहे: हेल्पर वाचून तपासता येत नाही, त्याला मुद्दाम नापास करून पाहावे लागते, आणि तो योग्य कारणाने नापास होतो का हेही पाहावे लागते. एका चाचणीतली चूक एका चाचणीपुरती राहते, पण हेल्परमधली चूक त्याला हाक मारणाऱ्या प्रत्येक चाचणीत शिरते. बाकीच्या दहा फंक्शनांकडे आता मी संशयानेच पाहतो आहे. ज्यांनी असे काम केले आहे, त्यांनी आपापले अनुभव लिहावेत.


लष्करवाला, ग्वाल्हेर

रामबागकर, तुम्हाला सापडलेला दोष फार जुना आहे आणि त्याचे औषधही तितकेच जुने आहे. गिटच्या (फाइलींतले बदल नोंदवणाऱ्या साधनाच्या) चाचणीसंचात ‘टेस्ट_मस्ट_फेल’ नावाचा हेल्पर आहे, तो याच कामासाठी आहे. आज्ञा शून्य कोड देऊन संपली तर तो चाचणी नापास करतोच, पण सिग्नलने मेली किंवा १२७ आला तरीही नापास करतो. नकार हा प्रोग्रॅमने विचारपूर्वक दिलेला असला पाहिजे, हा त्यामागचा विचार आहे.

त्यांचा आणखी एक दंडक उचलण्यासारखा आहे. हा हेल्पर फक्त गिटच्याच आज्ञांसाठी वापरायचा. ग्रेप (मजकुरात शब्द शोधणारी आज्ञा) किंवा टेस्ट यांसारख्या यंत्रावरच्या आज्ञांपुढे साधे उद्गारचिन्ह लावायचे. ग्रेप कोसळतो का, हे तपासणे आपले काम नव्हे.


शिप्राकाठ

लष्करवाला, दंडक मान्य आहे, पण त्याला एक पुरवणी हवी. उद्गारचिन्ह लावलेला ग्रेपही फसवतो. ग्रेपचे कोड तीन प्रकारचे असतात: सापडले तर ०, सापडले नाही तर १ आणि मुळात वाचताच आले नाही तर १ पेक्षा मोठा, बहुधा २. आता ‘निकालात हा शब्द नसावा’ अशी चाचणी लिहिली आणि निकालाच्या फाइलीचे नाव एका अक्षराने चुकले, तर ग्रेप २ देतो, उद्गारचिन्ह त्याचे यशात रूपांतर करते आणि चाचणी कायमची हिरवी राहते. रामबागकर, पॅचमधला ‘आत_नाही’ हा हेल्पर मी आत्ताच उघडून पाहिला. त्यात नेमके हेच आहे.

गिटमध्ये ‘टेस्ट_ग्रेप’ आहे. तो आधी शेवटचा अर्ग्युमेंट ही खरोखर फाइल आहे का ते पाहतो; नसेल तर चाचणी नापास झाली असे न म्हणता चाचणी लिहिण्यातच चूक आहे असे सांगून थांबतो. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. प्रोग्रॅम चुकला आणि चाचणी लिहिणारा चुकला, या दोन वेगळ्या बातम्या आहेत आणि हेल्परने त्या वेगळ्या आवाजात सांगितल्या पाहिजेत.


पत्थर गोदाम

एवढा खटाटोप कशासाठी, हे मला समजले नाही. हेल्परांच्या फाइलीत पहिल्याच ओळीवर ‘सेट -ई’ लिहून टाका. कोणतीही आज्ञा नापास झाली की स्क्रिप्ट तिथेच थांबेल. आमच्या कार्यालयात सगळ्या स्क्रिप्टना हाच नियम आहे आणि गेली अनेक वर्षे काही बिघडलेले नाही.


शिप्राकाठ

बिघडलेले नाही, की बिघडलेले दिसलेले नाही?

‘सेट -ई’ला विरोध नाही, पण हेल्परांच्या बाबतीत तो ज्या ठिकाणी हवा नेमका त्याच ठिकाणी झोपतो. फंक्शनला ‘इफ’च्या अटीत हाक मारली, किंवा त्याच्यापुढे && अथवा || आले (पहिले म्हणजे आधीची आज्ञा यशस्वी झाली तरच पुढची चालव, दुसरे म्हणजे नापास झाली तरच), किंवा आधी उद्गारचिन्ह आले, तर त्या फंक्शनच्या पोटातल्या सगळ्या ओळींसाठी ‘सेट -ई’ निष्प्रभ होतो. केवळ हाक मारण्याची ओळ नव्हे, आतली प्रत्येक ओळ. समजा, हेल्परमध्ये तीन ओळी आहेत: नमुना फाइल तात्पुरत्या जागी उतरवा, साधन चालवा, शेवटी ‘झाले’ असे छापा. हेल्पर एकटा चालवला तर पहिली ओळ नापास होताच सगळे थांबते. तोच हेल्पर ‘इफ’मध्ये घातला की फाइल उतरत नाही, साधन रिकाम्या हाताने चालते, ‘झाले’ छापले जाते आणि छापणे यशस्वी झाल्यामुळे हेल्परही यशस्वी ठरतो.

म्हणजे एकच हेल्पर, एकच चूक आणि हाक कशी मारली यावरून दोन वेगळे निकाल. हेल्परला तर दहा जण दहा तऱ्हांनी हाक मारतात. त्यापेक्षा प्रत्येक ओळीच्या शेवटी && लिहिणे कंटाळवाणे असले तरी त्याचा अर्थ हाक मारणाऱ्यावर अवलंबून राहत नाही.


पत्थर गोदाम

ताई, तुम्ही लिहिलेले मी घरी येऊन करून पाहिले. माझ्या समोर ‘झाले’ असे छापून आले. मी माझा सल्ला मागे घेतो.

पण && ची साखळी माणसाने हाताने लिहायची म्हटल्यावर ती कुठेतरी तुटणारच. एखाद्या ओळीच्या शेवटी && राहून गेले तर ते कोण पाहणार?


लष्करवाला, ग्वाल्हेर

याचे उत्तर मला फार आवडते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गिटच्या चाचणीसंचात २०१५ मध्ये एक लहानशी युक्ती आली. चाचणीचा मजकूर खऱ्या अर्थाने चालवण्याआधी संच त्या मजकुरापुढे एक खोटी आज्ञा जोडतो. ही आज्ञा काहीही न करता ११७ हा एक्झिट कोड देऊन नापास होते आणि तिच्यानंतर && येते. साखळी सलग असेल तर पहिलाच दुवा नापास झाल्यामुळे पुढचे काहीच चालत नाही आणि एकूण निकाल ११७ येतो. मध्ये कुठे && राहिले असेल तर शेल त्या जागी नवे वाक्य सुरू झाले असे समजतो, तिथून पुढचा भाग चालवतो आणि शेवटचा कोड ११७ राहत नाही. ११७ हा आकडा निवडण्याचे कारण इतकेच की खऱ्या आज्ञा तो सहसा देत नाहीत.

शेलचे व्याकरण समजणारा प्रोग्रॅम न लिहिता शेलकडूनच साखळी तपासून घेतली, याचे मला कौतुक वाटते. मर्यादाही आहेत. कंसातल्या उपशेलमध्ये किंवा लूपच्या आत साखळी तुटली तर ही युक्ती तिथवर पोहोचत नाही. म्हणून २०१८ मध्ये त्यांनी उपशेलांसाठी सेड या मजकूर बदलणाऱ्या साधनाची एक स्क्रिप्ट जोडली आणि २०२२ मध्ये तिच्या जागी पर्लमध्ये लिहिलेला, शेलचा मजकूर खरोखर वाचणारा प्रोग्रॅम आणला. रामबागकरांच्या संचाला ११७ ची युक्ती पुरेल. ती चार ओळींत बसते.


रामबागकर

पुरेल असे वाटत होते आणि पुरलीही. काल रात्री ती बसवली. सत्तर-ऐंशी चाचण्यांत सहा ठिकाणी साखळी तुटलेली निघाली, त्यांतल्या दोन मी स्वतः लिहिलेल्या होत्या.

आता मला पडलेला पुढचा प्रश्न. ‘रूपांतर_करून_शोध’ नावाचा हेल्पर साधनाचा निकाल पाइपमधून थेट ग्रेपकडे देतो. पाइपचा एक्झिट कोड शेवटच्या आज्ञेचा असतो, म्हणजे साधनाने पहिले पान छापून नंतर प्राण सोडला तरी ग्रेपला शब्द सापडला की सगळे आलबेल. नव्या सहकाऱ्याचे म्हणणे आहे की ‘पाइपफेल’ लावावे, म्हणजे पाइपमधली कोणतीही आज्ञा नापास झाली तर सगळा पाइप नापास. ते आता पॉझिक्सच्या (शेलने काय पाळायचे हे सांगणाऱ्या प्रमाणकाच्या) २०२४ च्या आवृत्तीतही आले आहे.


शिप्राकाठ

पॉझिक्समध्ये आले म्हणून मंडळाच्या कार्यालयातल्या जुन्या उबुंटूवर आले, असे होत नाही. उबुंटूने २००६ मध्ये, ६.१० या आवृत्तीपासून, ‘एसएच’च्या (स्क्रिप्ट चालवणाऱ्या मूळ शेलच्या) जागी बॅश हा शेल काढून डॅश हा लहान शेल बसवला आणि जुन्या डॅशला पाइपफेल ठाऊकच नाही. तिथे ती ओळच चूक म्हणून उभी राहील.

शिवाय पाइपफेल लावून नवी फजिती होते. शांतपणे शोधणारा ग्रेप पहिला शब्द सापडताच उठून जातो. साधन अजून छापतच असते, समोर वाचणारे कोणी नाही म्हणून त्याला सिग्नल १३ बसतो आणि त्याचा कोड १४१ होतो. पाइपफेल म्हणते, नापास. लहान फाइलीवर असे होत नाही, कारण साधनाचे छापून आधीच झालेले असते. मोठ्या स्मरणिकेवर होते, तेही कधी होते, कधी नाही. अधूनमधून लाल होणारी चाचणी ही न लिहिलेल्या चाचणीपेक्षा वाईट, कारण माणसे तिच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतात.

सरळ मार्ग असा: साधनाचा निकाल आधी फाइलीत घ्या, && लावा आणि मग त्या फाइलीवर ग्रेप चालवा. एक ओळ वाढेल. नापास झाल्यावर पाहायला ती फाइल हाताशी राहते, हा वरचा फायदा.


सयाजीगंज, वडोदरा

उशिरा येतो आहे. पॅच मीही चाळला आणि एका ओळीवर अडलो. ‘नमुना_घे’ या हेल्परमध्ये ‘लोकल’ (फंक्शनपुरता चल जाहीर करणारी आज्ञा) लिहून त्याच ओळीत $(…) चा, म्हणजे आतल्या आज्ञेचा, निकाल चलात घेतला आहे. तिथे आतली आज्ञा नापास झाली तरी ओळीचा कोड ‘लोकल’ या आज्ञेचा असतो आणि तो शून्यच येतो. आधी ‘लोकल’ने चल जाहीर करावा आणि पुढच्या ओळीत किंमत द्यावी. शेलचेक नावाचा तपासनीसही या जागी इशारा देतो.

याच हेल्परात दुसरा खड्डा आहे. ‘लोकल’ पॉझिक्समध्ये नाही, तरी डॅश आणि बॅश दोघेही ते चालवतात. पण जुना डॅश ‘लोकल’च्या ओळीत अवतरणचिन्हाशिवाय दिलेली किंमत मोकळ्या जागेवर तोडतो. फाइलीचे नाव ‘जुनी स्मरणिका’ असेल तर चलात फक्त ‘जुनी’ जाते आणि ‘स्मरणिका’ हे दुसऱ्या चलाचे नाव समजून तो ‘हे नाव चालत नाही’ अशी तक्रार करतो. तुमच्या बॅशवर हे कधीच दिसणार नाही.


लष्करवाला, ग्वाल्हेर

म्हणूनच गिटचा संच प्रत्येक चाचणी ज्या तात्पुरत्या डिरेक्टरीत चालवतो, तिच्या नावात मुद्दाम मोकळी जागा ठेवलेली आहे. अवतरणचिन्ह विसरलेला हेल्पर पहिल्याच दिवशी उताणा पडतो. तुम्ही तर एक पाऊल पुढे जाऊन डिरेक्टरीचे नाव मोकळ्या जागेसह देवनागरीत ठेवा. तुमच्या साधनाला रोज अशाच नावांच्या फाइली मिळणार आहेत.


रामबागकर

डिरेक्टरीचे नाव ‘चाचणी कचरा’ असे ठेवले आणि दोन हेल्पर लगेच उताणे पडले. तिसऱ्याची गोष्ट वेगळी निघाली. तो हेल्पर गिटकडून बदललेल्या फाइलींची यादी घेऊन अपेक्षित यादीशी ताडतो. नमुना फाइलीचे नावही देवनागरीत ‘इंदूर’ असे होताच यादीत ‘इ’च्या जागी \३४०\२४४\२०७ असे आकडे आले (मूळ छापात रोमन अंक असतात). ‘इ’ हे अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचे आहे आणि गिट मूळ सेटिंगमध्ये अशा नावांचे बाइट अष्टमान पद्धतीने लिहून दाखवतो. ‘कोर.कोटपाथ’ बंद केल्यावर नावे नीट आली. संपूर्ण ‘इंदूर’ शब्दाचे असे पंधरा आकडे होतात, हे मी बोटांवर मोजले.


पत्थर गोदाम

तारखेबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून विचारतो. ‘शीर्ष_तपास’ हा हेल्पर रूपांतराची तारीख तपासतो ना? माझ्याकडे तो संध्याकाळी हिरवा होता आणि रात्री साडेबारा वाजता लाल झाला.


रामबागकर

बरोबर पकडलेत. साधन तारीख यूटीसीप्रमाणे (जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे) लिहिते आणि हेल्पर ‘डेट’ आज्ञेने इंदूरची तारीख घेऊन ताडतो. मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत दोघांचे दिवस वेगळे असतात. माझे बहुतेक काम रात्री अकराच्या आत संपते, म्हणून मला हे कधी दिसले नाही. हेल्परांच्या फाइलीत आता ‘टीझेड’ (वेळेचा पट्टा) यूटीसी आणि ‘एलसी_ऑल’ (भाषेची सेटिंग) सी असे पक्के केले आहे. तरी संच बरोबर मध्यरात्री चालला तर काय, हा प्रश्न राहतोच.


लष्करवाला, ग्वाल्हेर

तो प्रश्न मिटवायचा तर घड्याळच हातात घ्यावे लागते. गिटच्या ‘टेस्ट_टिक’ या हेल्परचे घड्याळ १११२९११९९३ या (१९७० च्या आरंभापासून मोजलेल्या) सेकंदापासून सुरू होते आणि प्रत्येक हाकेला साठ सेकंदांनी पुढे सरकते. हा क्षण ७ एप्रिल २००५ चा आहे आणि गिटच्या स्वतःच्या पहिल्या कमिटवर (नोंदवलेल्या बदलावर) नेमका हाच क्षण नोंदलेला आहे. तुमच्या साधनाला वेळ बाहेरून देण्याची एक सोय करा आणि हेल्परने नेहमी एकच ठरलेली वेळ द्यावी.

मात्र ती वेळ एन्व्हायर्नमेंटच्या चलातून देणार असाल तर फंक्शनच्या नावाआधी त्याच ओळीत किंमत लिहू नका. प्रोग्रॅमच्या आधी अशी किंमत लिहिली तर ती त्या एका हाकेपुरती राहते. फंक्शनच्या आधी लिहिली तर ती मागे उरेल की नाही, हे पॉझिक्सने मोकळे सोडले आहे आणि शेलाशेलांत एकमत नाही. ‘नकार_हवा’ आधी, मग ‘एन्व्ह’ ही आज्ञा, मग किंमत आणि शेवटी साधन, असा क्रम ठेवा.


रामबागकर

सगळ्यांच्या सूचना घेऊन पॅच नव्याने लावला आहे. नव्या सहकाऱ्यानेच तो तीन भागांत तोडून दिला. पहिल्या भागात ‘नकार_हवा’ फक्त १ हाच कोड मान्य करतो आणि दुसरे काही आले तर आलेला कोड छापतो. दुसऱ्यात पाइप काढून फाइली आणल्या आहेत आणि ‘लोकल’च्या ओळी फोडल्या आहेत. तिसऱ्यात एक नवी स्क्रिप्ट आहे: ती प्रत्येक हेल्परला मुद्दाम चुकीची गोष्ट देते आणि हेल्पर नापास झाला तरच स्वतः उत्तीर्ण होते. न बांधलेल्या साधनावर आता संपूर्ण संच लाल येतो. वेलांटीच्या चाचणीत साधन दुरुस्त केल्यावर १ येतो आहे.

अकरांपैकी दोन हेल्पर मी काढून टाकले. त्यांना हाक मारणारे संचात कोणीच नव्हते.


शिप्राकाठ

तिन्ही भाग वाचले. तिसरा भाग मी डॅश आणि बॅश दोन्हीवर चालवला, ठीक आहे. दुसऱ्या भागात ‘आवरून_ठेव’मध्ये तात्पुरती डिरेक्टरी पुसणारी ओळ पाहा: चलाभोवती अवतरणचिन्हे आहेत, पण चल रिकामा असेल तर पुढच्या तिरप्या रेघेमुळे पुसण्याची आज्ञा थेट मूळ डिरेक्टरीवर जाते. तिथे :? घाला, म्हणजे रिकाम्या चलावर शेल स्वतःच थांबेल. एवढे करून पाठवा, मी आज रात्रीच तिन्ही भाग विलीन करते.


रामबागकर

घातले आणि चल रिकामा ठेवून चालवून पाहिले. शेल थांबला. पाठवले आहे.